‘ध’च्या डोक्यावरची उडी

पाटीवर ‘घ’ आणि ‘ध’ गिरवून बालवाडीतली पोरं कंटाळली, खरं तर मीही. मग अंगणात दोन्ही अक्षरं चटईएवढी काढली. ‘घ’ची शिरोरेघ सलग, तिच्यावरून सरळ चालत जायचं. ‘ध’ची मध्येच तुटलेली, तिथे टुणकन उडी! ‘म’ आणि ‘भ’चंही तसंच. आधी रांगोळीने काढायची हौस केली होती; लंगडी घालता घालता निम्मा ‘भ’ तळपायांना चिकटून वर्गात आला. सतरंजी झटकता झटकता माझी कंबर गेली. आता खडूच बरा.

काल एक अबोल पोरगा पाटीवर ‘ध’ काढत होता. वरच्या फटीपाशी पेन्सिल उचलली, आणि बसल्या बसल्या टाचाही उचलल्या.