मग त्यांनी नांगर धरला

इंग्लंडच्या जुन्या ॲंग्लो-सॅक्सन बखरीत 876 सालची एक नोंद आहे. व्हायकिंग, म्हणजे स्कँडिनेव्हियातून समुद्रमार्गे आलेले हल्लेखोर; त्यांचा सरदार हाफडन याने उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया राज्याची जमीन आपल्या माणसांना वाटून दिली आणि ते नांगरट करून पोट भरू लागले. एवढंच. आधीच्या पानांवर जाळपोळ, खंडणी, मारले गेलेले राजे. आणि इथे एका ओळीत लष्कराचे शेतकरी झाले. ही ओळ वाचल्यापासून व्हायकिंगांच्या इतिहासात मला हल्ल्यांपेक्षा हे बस्तान बसवणंच जास्त खुणावतं.

हल्ले भयानक होते, यात शंका नाही. 793 च्या जून महिन्यात ईशान्य इंग्लंडच्या किनाऱ्याजवळचा लिंडिसफार्नचा मठ लुटला गेला. ते ऐकून अल्क्विन या इंग्लिश विद्वानाने लिहिलेल्या पत्रात एक गोष्ट सहज येऊन जाते: आपण आणि आपले पूर्वज या सुंदर भूमीत जवळपास 350 वर्षं राहतो आहोत. म्हणजे आपणही कधीकाळी समुद्र ओलांडूनच आलो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

865 मध्ये आलेलं सैन्य मात्र लुटून परत जाणारं नव्हतं. पूर्व ॲंग्लियात उतरून त्यांनी घोडे मिळवले, पुढच्या वर्षी यॉर्क घेतलं, 869 मध्ये पूर्व ॲंग्लियाचा राजा एडमंड याला मारलं, 874 मध्ये मर्सियाचा राजा देश सोडून रोमला गेला. दहा वर्षांच्या आत इंग्लंडमधल्या चारपैकी तीन राज्यं कोसळली. उरलं वेसेक्स. तिथला राजा अल्फ्रेड याने 878 मध्ये एडिंग्टनला व्हायकिंग सरदार गुथरमला हरवलं, त्याचा बाप्तिस्मा करवला, स्वतः त्याचा धर्मपिता झाला आणि पुढे त्याच्याशी सीमेचा करारही केला.

या सैन्याचा 872-73 च्या हिवाळ्यातला तळ ट्रेंट नदीकाठी टॉर्क्सीला सापडला आहे. तिथल्या शेतांतून अरबी चांदीच्या नाण्यांचे कापलेले तुकडे, वजनं आणि शिशाच्या सोंगट्या निघाल्या. त्यांच्यासोबत सुया आणि चात्याही होत्या. लढायला निघालेल्या तळावर कुणीतरी सूत कातत होतं, कपडे शिवत होतं! नॉर्फोक आणि लिंकनशरमध्ये मिळालेले ब्रोच तर आणखी बोलके आहेत. साधे, स्वस्त, रोजच्या वापरातले. त्यांच्या मागची टाचणी बसवायची पद्धत स्कँडिनेव्हियन आहे, म्हणजे ते घालणाऱ्या बायकांचा पोशाखही तिकडच्या धाटणीचा होता. असला माल कुणी लूट म्हणून उचलत नाही. बायका आल्या, राहिल्या, त्यांनी संसार मांडले, असाच त्याचा अर्थ मला लागतो. राजांच्या नोंदीत यांतल्या एकीचंही नाव नाही.

मी नागपूरची, महालातली. भोसल्यांच्या वाड्याच्या आसपास वाढलेल्या माणसाला खंडणी आणि स्वाऱ्या परक्या वाटूच शकत नाहीत. पहिल्या रघूजींची बंगालवरची स्वारी आमच्याकडे अभिमानाने सांगितली जाते. शेजारच्या बंगाली काकूंनी मात्र मला सांगितलं की त्यांच्या आईच्या अंगाईत ‘बर्गी’ येतात, आणि पोराला झोपवताना त्यांचीच भीती घालतात. बर्गी म्हणजे आपलेच घोडेस्वार. त्या दिवसापासून लिंडिसफार्नच्या मठातल्या माणसांचं दुःख मी वेगळ्या कानांनी ऐकते. 1744 मध्ये रघूजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर आणि त्यांच्या सरदारांना बोलणीसाठी बोलावून बंगालच्या नवाब अलीवर्दीखानाने मारलं, ते इथे दगा म्हणून सांगतात. गावं जळलेल्या बंगालमध्ये ते कसं सांगत असतील? 1751 च्या तहाने वर्षाला 12 लाखांची चौथाई ठरली आणि ओरिसा भोसल्यांकडे आला. इंग्लंडचा राजा एथेलरेड यानेही 991 मध्ये व्हायकिंगांना 10,000 पौंड देऊन शांतता विकत घेतली होती. ती फार टिकली नाही.

त्याच एथेलरेडने 13 नोव्हेंबर 1002 रोजी राज्यातल्या डेन, म्हणजे मूळच्या डेन्मार्ककडच्या, लोकांना मारायचा हुकूम दिला. ऑक्सफर्डमध्ये जीव वाचवायला लोक चर्चमध्ये शिरले, तर ते चर्चच पेटवलं गेलं. राजाच्या नंतरच्या सनदेत या माणसांना गव्हात उगवलेलं तण म्हटलं आहे. 876 च्या त्या नांगरटीला तेव्हा सव्वाशे वर्षं उलटली होती! किती वर्षं शेत कसलं की माणूस त्या मातीचा होतो, हे राजा ठरवणार? मला त्या शब्दाचा संताप येतो. चौदा वर्षांनी, 1016 मध्ये, डेन असलेला कॅन्यूटच इंग्लंडचा राजा झाला.

आपल्या घोडेस्वारांपैकीही सगळे परतले नसणार. हुगळी जिल्ह्यातल्या इटाचुना गावी एक जुना राजवाडा आहे, त्याला तिथले लोक ‘बर्गी डांगा’ म्हणतात. आपण मूळचे मराठे, असं ते घराणं परंपरेने सांगतं, आणि कित्येक पिढ्या ते बंगालीच आहेत. त्यांच्याबद्दल नागपुरात कुणी लिहिलेलं मला अजून सापडलेलं नाही. कुणाच्या वाचनात असेल तर नक्की कळवा.