स्विफ्टचं गिअरबॉक्स फाउंडेशन पीयूचं केलं: अडीच महिन्यांची नोंद

गाडी २००८ची पेट्रोल स्विफ्ट, १,२९८ सीसीचं जी-१३ इंजिन, १ लाख ३४ हजार किलोमीटर झालेली. ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरला क्लच सोडला की गिअरचा दांडा हातात उडी मारायचा. बॉनेट उघडून मित्राला हँडब्रेक ओढून क्लच अर्धा सोडायला सांगितला, तर अख्खं इंजिन दोन बोटं मागे कलत होतं. बॅटरी आणि तिचा ट्रे काढला तेव्हा गिअरबॉक्सच्या बाजूचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सला बॉडीवर पेलणारा रबरी आधार, दिसलं. रबर एका बाजूनं पार फाटलेलं, मधली नळी खाली टेकलेली. इंजिनाचं कलणं रोखणाऱ्या मागच्या दांड्याची, टॉर्क रॉडचीही तीच गत.

सरळ मार्ग होता पुण्यात नाना पेठेत जाऊन नवीन रबराचे दोन्ही आणण्याचा. पण हात शिवशिवत होते. भोसरीला रोलर आणि बुश ओतून देणारा एक जण माहीत होता. त्याच्याकडून जुनं रबर जाळून काढून घेतलं आणि दोन्ही कवचांत पीयू (पॉलियुरेथेन) ओतून घेतलं, कडकपणाच्या मापात शोअर ए ८०. गाडीच्या फाउंडेशनचं रबर साधारण ५० ते ६०च्या घरात असतं. मिस्त्रीनं हातात घेऊन नखानं दाबून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, कंपनीनं त्या रबरात भोकं काय उगाच ठेवलीत का?" मी हसण्यावारी नेलं. हे वाक्य पुढे महागात पडलं.

पहिली चक्कर कात्रज घाटात. गिअर इतके नेमके पडत होते की गाडी बदलल्यासारखी वाटली. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आधी जो अर्धा सेकंद इंजिन सावरायला लागायचं, तो गेला. पाय उचलला की गाडी लगेच धरते, परत दाबला की लगेच ओढते. खाली उतरून सिग्नलला थांबलो आणि बिघडलं. आरसा थरथरून मागच्या रिक्षाचा नंबर वाचता येईना. ग्लोव्हबॉक्सचं झाकण कुरकुरायला लागलं. स्टिअरिंगवर हात ठेवला की कोपरापर्यंत मुंग्या. वर चौथ्या-पाचव्या गिअरला हलका पाय ठेवून २,३०० ते २,५०० आरपीएमच्या मध्ये असा घुमारा, की शेजारच्यानं बोललेलं ऐकू येत नाही. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "डिझेलची केलीस का?"

दोन आठवडे "पीयू बसायला वेळ लागतो" हे ऐकून कळ काढली. ६०० किलोमीटरनंतर फरक म्हणावा असा नाही.

एक गोष्ट मात्र खटकत होती. एसी लावला की आयडलिंगची, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असतानाची, थरथर *कमी* व्हायची. सगळ्यांचा अनुभव उलटा असतो, कारण कॉम्प्रेसरचा भार येतो. शिवाय किल्ली बंद करताना गाडी ओल्या कुत्र्यासारखी अंग झटकायची. म्हणून फोनवर फायफॉक्स टाकलं, त्यात अ‍ॅक्सेलरोमीटरचा स्पेक्ट्रम दिसतो. फोन सीटच्या रुळावर दुहेरी टेपनं चिकटवला. एसी बंद, आयडल ७८० आरपीएम, आलेखातला सुळका बरोबर २६ हर्ट्झला. चार सिलिंडरचं फोरस्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं, त्यामुळे ७८० भागिले ६०, गुणिले २. एसी लावल्यावर संगणक आयडल ९००वर नेतो, म्हणजे ३० हर्ट्झ. तिथे तोच सुळका जवळपास अर्धा.

कागदावर मांडल्यावर कोडं सुटलं. इंजिन म्हणजे रबराच्या स्प्रिंगवर बसवलेलं वजन, आणि त्याला स्वतःची एक लय असते. इंजिनाचे धक्के त्या लयीच्या साधारण १.४ पटीच्या वर असतील तरच फाउंडेशन ते अडवतं. त्याखाली ते धक्का अडवायच्या ऐवजी वाढवून बॉडीला देतं. पीयूनं ताठरपणा तिप्पट झाला असं धरलं, तर लय वर्गमुळानं चढते, म्हणजे १.७ पट. मूळ लय ११ हर्ट्झ धरली तर आधी अडवणं १५-१६च्या वर सुरू होत होतं आणि २६चं आयडलिंग निवांत होतं. आता लय १९वर गेली, अडवणं २७च्या पुढे. म्हणजे एसी बंद असताना मी उंबऱ्याच्या आत आणि एसी लावला की बाहेर. आणि इंजिन बंद होताना आरपीएम उतरत उतरत नेमकी त्या १९मधून जाते, म्हणून ते अंग झटकणं. ११ हा आकडा माझा अंदाज आहे, पण हिशेब गाडीच्या वागण्याशी जुळतो.

मिस्त्रीची भोकंही इथेच कळली. मूळ रबरात मुद्दाम पोकळी असते. थोड्या हालचालीला रबर मऊ वागतं, जास्त हालचाल झाली की पोकळी मिटून ते ठोकळ्यावर टेकतं आणि ताठ होतं. मी पोकळीसकट सगळं भरून टाकलं होतं, त्यामुळे मऊ टप्पाच उडाला.

तरी घुमाऱ्याचं कारण अजून वेगळं निघालं, आणि हे सांगायला जरा लाज वाटते. जुनं फाउंडेशन खचल्यामुळे गिअरबॉक्स वर्षानुवर्षं खाली लटकत होता. नवीन बसवल्यावर तो जवळपास ५ मिलीमीटर वर आला. बोल्ट मात्र मी जॅकवर लटकलेल्या अवस्थेतच आवळले होते, त्यामुळे टॉर्क रॉड कायम पिळलेला. रविवारी गाडी सपाटीवर घेतली, दोन्ही फाउंडेशनचे बोल्ट सैल केले, इंजिन हातानं पुढे-मागे हलवून स्वतःच्या जागेवर बसू दिलं आणि मग आवळलं. नंतर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका पाइपला लावून मूठ कानाला टेकवली. (पंख्यापासून लांब राहा, बाहीची बटणं लावा.) एसीचा जाड पाइप एप्रनच्या, म्हणजे चाकावरच्या आतल्या, पत्र्याला घासत होता, रंग निघून तिथे नाण्याएवढी चकाकी आलेली. एक्झॉस्टचं उष्णतारोधक पत्रंही एका कोपऱ्यात टेकलं होतं. पाइप क्लिपमध्ये फिरवून बसवला, पत्रं पकडीनं वाकवलं. २,४०० आरपीएमचा घुमारा निम्म्यावर. त्या दोन टेकलेल्या जागांतून ८० हर्ट्झचा आवाज फाउंडेशनला वळसा घालून थेट बॉडीत जात होता आणि मी बिचाऱ्या पीयूला शिव्या देत होतो.

राहिली न्यूट्रलमधली खडखड. क्लच दाबला की बंद, सोडला की सुरू, म्हणजे गिअरबॉक्सच्या आतल्या दातांचीच. ती आधीही असणार, रबर गिळत होतं. तिच्या मागे लागलो नाही.

सीटच्या रुळावरच्या थरथरीचे माझे आकडे, ७८० आरपीएमला, मीटर प्रति सेकंद वर्ग: फाटक्या रबरासह ०.३, पीयू बसवल्यावर १.१, बोल्ट नीट आवळल्यावर ०.८. मग गिअरबॉक्सच्या बाजूला नाना पेठेतलं नवीन रबर घातलं आणि मागे टॉर्क रॉडमध्ये पीयू ठेवलं, तर ०.५. हा निर्णय अवघड नव्हता. बाजूचं फाउंडेशन मुख्यतः वजन पेलतं, इंजिनाचं कलणं टॉर्क रॉड रोखतो. मला कलणंच थांबवायचं होतं, आणि घाटातला नेमकेपणा माझ्या हाताला तरी नव्वद टक्के शिल्लक आहे. ज्यांना दोन्ही पीयू लावायचेत त्यांनी रोजच्या गाडीला लावू नयेत, एवढं मी आता ठामपणे सांगेन.

गेल्या शनिवारी टॉर्क रॉड पुन्हा काढला. पीयूत मधल्या नळीच्या पुढे दोन आणि मागे दोन, १२ एमएमची आरपार भोकं पाडली. पीयूत ड्रिल फिरवताना ते वितळून चिकटतं, म्हणून सावकाश आणि साबणाच्या पाण्यात. आकडा ०.४वर आला. आरशात आता मागचा नंबर वाचता येतो. ग्लोव्हबॉक्स गप्प आहे. किल्ली बंद करताना एक छोटा झटका अजून येतो. भोकांच्या कडांना चिरा जातात का ते दर हजार किलोमीटरला बघणार आहे, पहिली तपासणी ताम्हिणीहून आल्यावर.

काढलेलं बाजूचं पीयू फाउंडेशन बाकड्याखाली पडून आहे. मिस्त्री म्हणाला, "फेकू नका, व्हाइसच्या खाली ठेवायला बरं आहे."