मासे कुठायत?

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या हॉलमध्ये सध्या दोन फुटी काचेची टाकी आहे. तळाला वाळू आहे, दोन दगड आहेत, वालिस्नेरियाची चार रोपं आहेत, स्पंज फिल्टर बुडबुडे सोडतोय, वर लाईटपण आहे, आणि मासा एकही नाही. घरी येणारा प्रत्येकजण आधी वाकून बघतो, मग दगडामागं बघतो, मग माझ्याकडं बघतो. मासं कुठं हायत? शेजारच्या काकूंनी तर आवाज खाली आणून विचारलं, "सगळे गेले व्हय हो?"

गेले नाहीत ओ काकू, आलेच नाहीत अजून. टाकी आधी पिकावी लागते, त्यात महिना दीड महिना सहज जातो, हे सांगितलं की लोक मान हलवतात पण पटलेलं नसतं हे दिसतंच.

भानगड अशी आहे की मासा पाण्यात अमोनिया सोडतो, त्यातला बराचसा तर नुसत्या कल्ल्यांवाटे. नदीत त्याचं काही वाटत नाही, पण काचेच्या चार भिंतीत तो जायचा कुठं. नव्या टाकीत चकाचक पाणी भरून त्याच संध्याकाळी दहा मासे सोडले की हप्त्याभरात एकेक उलटा तरंगायला लागतो आणि मग घरात चर्चा, मासे आपल्याला लाभत नाहीत. लाभायचा काय संबंध, ते बिचारे आपल्याच घाणीत गुदमरतात. ही घाण निस्तरणारे जीवाणू असतात, एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, तेपण विषारीच, माशाच्या रक्ताला ऑक्सिजन वाहू देत नाही, मग दुसरा गट त्या नायट्राइटचं नायट्रेट करतो, ते त्यामानानं गरीब. विनोग्राड्स्की नावाच्या रशियन माणसानं १८९० च्या सुमारास मातीतले हे जीवाणू वेगळे करून दाखवले. आणि टाकीतलं ते दुसरं काम नायट्रोबॅक्टर करतात असं लोक कित्येक वर्षं धरून चालले होते, ते मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात हे कळायला १९९८ उजाडलं. म्हणजे घरोघरी टाक्या चालू होत्या आणि आत नोकरीला नेमकं कोण आहे हेच माहीत नव्हतं!

ही मंडळी स्पंजात, वाळूत, दगडांवर वस्ती करतात आणि फार सावकाश वाढतात. ती वस्ती पुरेशी झाली की टाकी पिकली म्हणायचं. त्यांना जगायला अमोनिया लागतो आणि मासे नसताना तो आणायचा कुठनं, तर मी रोज चिमूटभर फिश फूड टाकतो, ते कुजतं, अमोनिया होतो. बायकोनं पहिल्यांदा मला रिकाम्या टाकीला खाऊ घालताना बघितलं तेव्हा काही बोलली नाही, नुसती बघत राहिली, ते जास्त लागलं.

हे सगळं पहिल्या फटक्यात कळलं ते आमच्या अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना. भिलवडीला त्यांचा ऊस आहे. ते आले, बसले, चहा घेतला, मासे कुठायत विचारलंच, मग मी अमोनिया नायट्राइट नायट्रेट सुरू केलं तर मधेच तोडून म्हणाले, "म्हंजे युरियाचंच की हे." आणि खरंच तेच आहे. उसाला युरिया टाकला की मातीत त्याचा अमोनिया होतो, मग तिथले हेच भाऊबंद त्याचं नायट्रेट करतात आणि पीक ते ओढून घेतं. अण्णांनी जन्मभर जे एकरात केलं ते मी ५४ लिटरमध्ये करतोय. तेव्हापासून फोन आला की तब्येतीच्या आधी विचारतात, नायट्राइट किती आलं.

तसं आपण सांगलीकर पाण्याचे आकडे विचारण्यात पक्के. जुलै उजाडला की दुधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं? २०१९ च्या महापुरात ५७ च्या वर गेलं तेव्हापासून तर जास्तच. मी आता तसाच आकडा, नायट्राइटचा, काचेच्या नळीत बघतो. थेंब टाकायचे, नळी हलवायची, पाच मिनिटं थांबायचं. माझ्या पाणी तपासायच्या किटमध्ये नायट्राइट नसेल तर आभाळी निळा रंग येतो, असेल तर जांभळा. सध्या असा गच्च जांभळा येतोय की पैठणीला शोभेल.

५४ लिटर म्हणजे कसं, तर ६० बाय ३० बाय ३० सेंटीमीटर, गुणाकार करून हजारानं भागा. पाणीच ५४ किलो, वर काच आणि वाळू, म्हणून टीव्हीच्या नाजूक कपाटावर ठेवायची नाही, खाली थर्माकोल घालायचा, आणि खिडकीच्या उन्हात तर नाहीच, शेवाळानं हिरवीगार होते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आपले जीवाणूच मारतं, त्यामुळं अँटीक्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय पाणी आत नाही. स्पंजसुद्धा नळाखाली धुवायचा नाही, टाकीतनं काढलेल्याच पाण्यात पिळायचा.

दुकानात मात्र ह्यातलं कुणी काही सांगत नाही. एका दुकानदारानं मला एक फुटी टाकी, रंगीत खडे, निळं औषध आणि वास्तूसाठी आठ गोल्डफिश अधिक एक काळा असं पॅकेजच सांगितलं. गोल्डफिश नीट वाढला तर सहा आठ इंचांचा होतो आणि दहा वर्षंपण जगतो, असे नऊ एक फुटात! वास्तूचं काय व्हायचं ते होवो, माशांची वास्तुशांत मात्र नक्की. सकर फिशचंही तेच, काच साफ करतो म्हणून देतात, तो फूटभराच्या वर जातो, मग लोक वैतागून नदीत नाहीतर तलावात सोडतात. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, त्यांची जाळी फाडतोय तो.

त्यामुळं आमच्याकडं गप्पी येणार हे जवळपास ठरलंय. अण्णा म्हणतात विकत कशाला, हिवतापवाले फुकट देतात की, डास खायला हौदात सोडायचे ते. मूळचा दक्षिण अमेरिकेतला मासा, पण आपल्याकडं गावोगावच्या हौदात इतका रुळलाय की परका कुणाला वाटतच नाही. आमच्या बोअरच्या जड पाण्यात मजेत राहील, नळांवर पांढरे थर चढवणारं पाणी त्याला उलट मानवतं. माझं म्हणणं फक्त नर आणायचे, रंगीत असतात आणि वंशवाढीचा प्रश्न नाही. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, साधारण महिन्याला एक खेप, आणि एकदा नराशी गाठ पडली की पुढं नर नसतानासुद्धा कित्येक महिने देत राहते. हे मी मुलीला समजावून सांगितलं ते तिला घाबरवायला, पण तिनं वहीत लगेच पिल्लांच्या नावांची यादी सुरू केली, आणि अण्णा फोनवर तिच्या बाजूनं, उरतील ती पिल्लं भिलवडीला आमच्या हौदात सोडू म्हणतात. दोघांचं बहुमत आहे. नायट्राइट शून्यावर येईपर्यंत हा वाद काही मिटत नाही.