चाकोरी सोडायला तयार नसलेली स्लेड

२८ डिसेंबर

मोसमातली स्लेडची पहिली फेरी (स्लेड म्हणजे स्नोमोबाइल: पुढे दोन स्की, मागे फिरता ट्रॅक). इथला, म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटाचा, नॉर्थ शोअर स्टेट ट्रेल डुलुथपासून ग्रँड मरेपर्यंत १४६ मैल जातो. मी जेमतेम वीस मैलांवरून परतलो, कारण खांदे भरून आले. सरळ रस्त्यावर ताशी ३५ मैलांना हँडल एकदम डावीकडे हिसका मारतं, ते सावरावं तर उजवीकडे. गारठा उणे १८ सेल्सिअस आणि मी हेल्मेटच्या आत घामाघूम.

मशीन जुनंच: २०११ चं, ६०० सीसी, १२१ इंची ट्रॅक. २०२३-२४ च्या हिवाळ्यात इथे बर्फच धड पडला नव्हता, तेव्हा ते पूर्णवेळ ताडपत्रीखाली होतं. त्याआधीच्या मोसमात मात्र डुलुथला १४०.१ इंच बर्फ पडला होता, विक्रमी, आणि त्या वर्षी मी ते भरपूर पिटाळलं. म्हणजे झीज तेव्हाची आणि गंज नंतरचा.

इथे या दुखण्याला 'डार्टिंग' म्हणतात. मला आपला 'चाकोरी' हा शब्द जास्त पटतो. कडक दाबलेल्या ट्रेलवर आधीच्या शेकडो स्लेडच्या कार्बाइडने (स्कीखालची कडक, धारदार पट्टी) बारीक चऱ्या पाडलेल्या असतात. आपल्या स्कीखालचं कार्बाइड त्यात बसतं आणि चरी जाईल तिकडे स्की जाते. गावाकडे बैलगाडीच्या चाकोरीत सायकलचं चाक घालून पाहिलेल्यांना जास्त सांगायला नको.

४ जानेवारी

कार्बाइड काढून पाहिली. मधला भाग झिजून गोल झालेला, एका बाजूचा टंगस्टनचा तुकडाच गायब. कारण सापडलं म्हणून खूश होऊन नवीन बसवली. तासाभराचं काम, फक्त एक नट गंजून इतका धरला होता की शेवटी ग्राइंडर चालवावा लागला.

५ जानेवारी

आधीपेक्षा वाईट! झिजलेलं कार्बाइड चरीवरून थोडं घसरत तरी होतं, नवीन धारदार कार्बाइड चरी अशी पकडतं की सोडत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

११ जानेवारी

शेजारचे आजोबा गॅरेजमध्ये डोकावले. हयात लाकूडतोडीत गेली, सत्तरच्या दशकापासून स्लेड चालवतात. मी स्प्रिंगचा प्रीलोड (आधीपासूनचा ताण), कार्बाइड असं बरंच काही बोललो. ते काही न बोलता वाकले, डाव्या स्कीचं टोक दोन्ही हातांनी धरून हलवलं. कट. कट. मग मला म्हणाले, "आता तू हँडल घट्ट धर." मी धरलं. स्की तरीही बोटभर हलली.

पुढचा भाग जॅकवर घेऊन एकेक सांधा तपासला. माझी पद्धत अशी: एक हात सांध्यावर, दुसऱ्याने स्की हलवायची. डोळ्याला दिसत नाही तो प्ले (सांध्यातली ढिलाई) बोटाला कळतो. डाव्या टाय रॉडचा (हँडलचं वळण स्कीपर्यंत नेणारा दांडा) बाहेरचा बॉल जॉइंट ढिला निघाला. दोन्ही स्पिंडलचे (ज्या खांबावर स्की वळते तो) बुश, म्हणजे आतल्या नळ्या, खाल्ले गेले होते, उजवीकडच्यात ग्रीसऐवजी गंजाचा लगदा. स्कीच्या मुख्य बोल्टपाशी दोन्ही बाजूंना फट होती. स्टिअरिंग पोस्टचा खालचा बुश मात्र ठणठणीत, आणि मी संशय धरला होता तो नेमका त्याच्यावर.

प्रत्येक ठिकाणचा प्ले एक-दोन मिलिमीटरचा, पण तो साखळीने वाढत जातो आणि स्कीच्या टोकाशी बोटभर होतो. इतकी ढिलाई असताना अलाइनमेंट मोजणं म्हणजे हलत्या काट्यावर सोनं तोलणं.

१८ जानेवारी

नवीन बुश, एक बॉल जॉइंट, आणि स्कीच्या बोल्टपाशी फट भरायला दोन्हीकडे पातळ वॉशर. वॉशर घालताना स्की हाताने वर-खाली सहज फिरली पाहिजे, जाम करायची नाही.

मग अलाइनमेंट, म्हणजे स्की सरळ रेषेत आणणं, सगळ्यात किचकट काम. आधी हँडल बरोबर मध्ये आणून बांधलं. दोन्ही स्कीच्या टोकांना सामान बांधायचा रबरी पट्टा ताणून लावला, म्हणजे उरलासुरला प्ले एकाच बाजूला बसतो. सहा फुटी सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ट्रॅकच्या बाजूला टेकवून पुढे स्कीपर्यंत आणली. त्या पट्टीपासून कार्बाइडच्या मध्यापर्यंतचं अंतर दोनदा मोजायचं, बोल्टच्या दहा इंच पुढे आणि दहा इंच मागे. मग तेच दुसऱ्या बाजूला. नुसतं स्की ते स्की अंतर मोजलं तर बेरीज बरोबर येते, पण दोन्ही स्की मिळून एकीकडे वळलेल्या असल्या तरी कळत नाही. मागच्या वेळी मी नेमकं तेच केलं होतं.

आकडे: डावी २ मिमी बाहेर, उजवी ७ मिमी आत. एकूण ५ मिमी टो-इन, म्हणजे पुढची टोकं आत वळलेली. हवं असतं साधारण ३ ते ६ मिमी टो-आउट, म्हणजे पुढची टोकं किंचित फाकलेली. आत वळलेल्या स्की एकमेकींशी भांडत राहतात, जिच्यावर वजन जास्त पडेल ती हँडल ओढून नेते.

उजव्या टाय रॉडचे दोन्ही चेक नट सैल केले (एकाचे आटे उलटे असतात, तिथे जोर लावून आटे मारलेले लोक मला माहीत आहेत, त्यातला एक मीच) आणि रॉड फिरवत फिरवत उजवी स्की २ मिमी बाहेर आणली. एकूण टो-आउट ४ मिमी. टोकाचे पुरेसे आटे आत राहिलेत ना ते पाहून नट आवळले. पट्टी धरून बसलेल्या बायकोने विचारलं, "एवढ्या मिलिमीटरांनी फरक पडतो?"

१९ जानेवारी

पडतो. त्याच ट्रेलवर ताशी ४५ मैलांना हँडल दोन बोटांत. इथे कायद्याची मर्यादा ५० आहे, तिथपर्यंतही गेलो. खोल चऱ्यांवर थोडी ओढ अजून आहे.

१ फेब्रुवारी

उरलेल्या ओढीसाठी दुहेरी कार्बाइड घेतली. एका स्कीखाली दोन समांतर पट्ट्या असतात, एक चरीत घसरली तरी दुसरी बाहेर धरून ठेवते. ओढ जवळजवळ संपली. बदल्यात उभ्या जागी हँडल जड झालं, विशेषतः पार्किंगमध्ये जिथे बर्फ उडून डांबर उघडं पडलेलं असतं. मला चालतं.

पण आता वळणांकडे लक्ष गेलं. हँडल वळवलं तरी मशीन सरळ पुढे ढकललं जातं. म्हणजे स्कीवर वजन कमी. मागच्या सस्पेन्शनचा पुढचा हात लिमिटर स्ट्रॅपने बांधलेला असतो. तो स्ट्रॅप आखूड केला की हात कमी खाली येतो आणि भार स्कीकडे जातो. एक भोक आखूड केला. एकदम दोन भोकं ओढली असती तर हँडल जड झालं असतं आणि ट्रॅकची पकड गेली असती.

८ फेब्रुवारी

वळण धरतंय. स्ट्रॅपसोबत मागच्या टॉर्शन स्प्रिंगचा कॅमही (स्प्रिंगचा ताण बदलणारी खाचांची चकती) एक खाच कडक करायचा मोह झाला होता, पण दोन्ही एकदम बदललं असतं तर श्रेय कोणाला द्यायचं? कॅम होता तिथेच आहे.

आता एकच तक्रार. उजव्या वळणात आतली स्की उचलली जाते, डाव्या वळणात नाही. स्वे बारच्या (वळणात मशीन कलू न देणारा आडवा दांडा) डाव्या लिंकचा बुश हलवून पाहिला तर आतून कट असा आवाज आला. ऑर्डर टाकली आहे, पार्सल गुरुवारी.