ठाकूरची शाल

‘शोले’ हा चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी डोळ्यांपेक्षा कानांनीच अधिक पाहिला आहे, असे माझे मत झाले आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो प्रदर्शित झाला आणि गाण्यांच्या जोडीने त्याच्या संवादांचीही ध्वनिमुद्रिका बाजारात आली. आमच्या इंदुरात गणेशोत्सवाच्या मांडवात आरती आटोपली, की कर्णा मोकळा सापडल्याबरोबर कोणीतरी ती लावून देत असे. चित्रपट कधीही न पाहिलेल्या मुलांनाही गब्बरचे बोलणे श्वासासकट पाठ होते. संवाद पाठ झाले, की पडद्याकडे नीट पाहण्याची गरज उरत नाही. पुढचे वाक्य आपल्याला ठाऊक असते आणि आपण ते येण्याची वाट पाहत बसतो. त्या वाट पाहण्याच्या वेळात पडद्यावर जे घडते ते वर्षानुवर्षे तसेच निसटून जाते.

मला ते दिसू लागले त्याचे कारण अगदी घरगुती आहे. दुपारी सासूबाई पुढच्याच खोलीत आडव्या होतात आणि टीव्हीही तिथेच आहे. त्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज पूर्ण बंद करून चित्रपट पाहण्याची मला सवय लागली. त्यातही नवीन चित्रपट मुका पाहून काही कळत नाही, म्हणून पुष्कळदा पाहिलेलेच लावायचे. ‘शोले’ असा मुका पाहताना पहिल्या अर्ध्या तासातच लक्षात येते, की हा हातांचा चित्रपट आहे.

ठाकूर बलदेवसिंगला हात नाहीत, हे आता सर्वांनाच माहीत आहे. पहिल्या प्रेक्षकाला मात्र ते चित्रपट निम्म्यावर आल्यावर कळत होते, आणि तोपर्यंत ही गोष्ट त्याच्यापासून लपवून ठेवणे हे सलीम-जावेद यांच्या पटकथेपुढचे खरे आव्हान होते. एवढी ठळक गोष्ट झाकायला त्यांनी शाल वापरली, हे तर उघडच आहे. परंतु केवळ शालीने हे साधले नसते, कारण इतका वेळ एकदाही हात बाहेर न काढणारा माणूस प्रेक्षकाला खटकलाच असता. त्यासाठी त्यांनी केलेली युक्ती फार चतुर आहे. चित्रपट सुरू होतो तेव्हा जेलर रामगढला येतो, ठाकूर त्याला जय आणि वीरूला शोधून आणायला सांगतो, आणि हेच दोघे का हवेत हे सांगताना मालगाडीचा तो लांबलचक प्रसंग येतो. भूतकाळातल्या त्या प्रसंगात ठाकूर पोलीस अधिकारी आहे, त्याच्या हातात पिस्तूल आहे, आणि दरोडेखोरांशी तो त्याच हातांनी झुंजतो आहे. प्रेक्षकाने ते हात पाहिले, म्हणजे तो ते मनात जमा करून टाकतो आणि वर्तमानात परत आल्यावर शालीखाली आपण होऊन बसवतो. पटकथा एक अक्षरही खोटे बोलत नाही. चुकीची बेरीज आपण करतो.

हे कळल्यानंतर होळीचा प्रसंग निराळाच दिसू लागतो. गब्बरची माणसे गावावर तुटून पडली आहेत, जय आणि वीरू कोंडीत सापडले आहेत, बंदूक ठाकूरच्या पायाशी पडली आहे, आणि तो नुसता उभा आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्याचा राग येतो, जयलाही येतो. पुन्हा पाहताना मी संजीवकुमारच्या चेहऱ्याकडे पाहते. डोळे बंदुकीवर जातात, तिथे अडकतात आणि वर येतात, आणि त्या एवढ्या वेळात खांद्यापासून खाली काहीही हलत नाही. आपल्या हाताशी पडलेली वस्तू उचलायची नाही असे ठरवले, तरी खांदा किंचित तरी झुकतोच. कोणीही घरी करून पाहावे. नटाने ती सवय मोडून काढली आहे. खरे म्हणजे त्याला या प्रसंगात दोन्ही अर्थ एकाच वेळी करून दाखवायचे होते, कारण ज्याला माहीत नाही त्याला तो भेकड किंवा हिशेबी वाटला पाहिजे आणि ज्याला माहीत आहे त्याला असहाय.

गेल्या दिवाळीत माझी भाची सुटीला आली होती. तिने ‘शोले’ पाहिलेला नव्हता आणि तिच्या पिढीला ठाऊक असलेल्या विनोदी चित्रफितींमधून ते गुपित कसे कोण जाणे तिच्यापर्यंत पोहोचले नव्हते. तिच्याबरोबर पाहायला बसल्यावर मी चित्रपटाऐवजी तिच्याकडेच अधिक पाहत होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, “आत्या, बाकी सगळे घामाघूम झालेत आणि ठाकूरलाच थंडी वाजते का?” मी गप्प बसले. पुढे कथा रंगली, बसंतीची बडबड सुरू झाली आणि तिचा प्रश्न तीच विसरली. मला वाटते, १९७५ सालीही शेकडो लोकांच्या मनात हा प्रश्न येऊन गेला असेल आणि लेखकांनी प्रत्येक वेळी तो विसरायला लावणारे काहीतरी पुढे वाढून ठेवले असेल.

आता रामलालविषयी. सत्येन कप्पू यांनी केलेली ही नोकराची भूमिका मी इतकी वर्षे सजावटीचा भाग समजून पाहत आले होते. ठाकूरच्या मागे अर्ध्या पावलावर एक माणूस असतो, एवढेच. परंतु ज्याला हात नाहीत त्याच्या घरात दुसऱ्या कोणाचे तरी हात सतत हजर असावे लागतात, हे एकदा ध्यानात आले की रामलाल कुठे उभा आहे हे पाहण्याचा छंदच लागतो. स्टेशनवर जेलरला उतरवून घ्यायला तोच जातो. हवेलीत कोणी आले-गेले तर तोच पुढे होतो. ठाकूरची सून राधा विधवा होण्यापूर्वी किती बोलकी आणि खट्याळ होती हे जयला कळते तेही रामलालच्याच तोंडून. म्हणजे त्या घराचे हात तर तो आहेच, पण घराची आठवणही त्याच्याकडे आहे. या माणसाला एकही टाळ्या घेणारे वाक्य दिलेले नाही, आणि कानांनी चित्रपट पाहणाऱ्यांच्या यादीत तो म्हणूनच कधी आला नाही. याउलट गब्बरच्या टोळीतल्या सांबाला ‘पूरे पचास हजार’ एवढ्याच शब्दांवर अमरत्व मिळाले. (सांबाच्या तोंडी आणखी एक वाक्य आहे, पत्ते खेळतानाचे. ते कोणाच्या लक्षात राहत नाही. भाचीने ते पहिल्याच वेळी टिपले, कारण तिला सांबा कोण हेच माहीत नव्हते.)

तिसरे हात जयचे. त्याच्या नाण्याच्या दोन्ही बाजूंना छापच होता, हे वीरूला जयच्या मृत्यूनंतर कळते, आणि तो धक्का पहिल्या वेळेपुरता पुरेसा आहे. मात्र परत पाहताना मागचा प्रत्येक कौल उलगडू लागतो. मालगाडीच्या प्रसंगात जखमी ठाकूरला सोडून पळून जायचे की त्याला रुग्णालयात न्यायचे, हे नाण्यावर ठरते, म्हणजेच ते जयने ठरवलेले असते. नाणे उडवतोही तोच आणि झेलतोही तोच. बेफिकीर दिसणारा, सगळे नशिबावर सोडल्यासारखा वागणारा हा तरुण सबंध चित्रपटभर एकही गोष्ट नशिबावर सोडत नाही. त्याला चांगुलपणा करायचा असतो, फक्त तो स्वतःच्या नावावर नको असतो. अमिताभ बच्चन यांच्या चेहऱ्यावर नाणे हवेत असताना उत्सुकता अजिबात नसते. धर्मेंद्रच्या चेहऱ्यावर मात्र प्रत्येक वेळी असते. आवाज बंद असताना हा फरक लख्ख दिसतो.

अर्थात आवाज बंद करून सगळेच मिळत नाही. एकदा सासूबाई देवळात गेल्या असताना मी आवाज लावून पाहिला, तेव्हा कान पूर्वीपेक्षा वेगळे ऐकू लागले होते. गब्बरच्या प्रवेशाच्या वेळी त्याचा चेहरा आपल्याला बराच वेळ दाखवतच नाहीत. खडकावर चालणारे बूट आणि दगडावरून फरफटत जाणारा पट्टा, एवढेच. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येच्या प्रसंगात झोपाळ्याची कुरकुर आहे, आणि तिच्यामुळे ते अंगण भयाण होते. मोठी माणसे एकेक करून गोळी लागताच चित्रासारखी गोठतात. छोट्या मुलावर गब्बर बंदूक रोखतो, आवाज होतो, आणि पडद्यावर रेल्वेचे इंजिन धूर सोडत स्टेशनात शिरते. इमामसाहेबांच्या मुलाचेही तसेच. ती भूमिका आपल्या सचिनने केली आहे. गब्बर आडवा पडला आहे, हातावर एक मुंगळा चढतो, तो त्याला चिरडतो, आणि पुढच्याच क्षणी घोड्यावरून मुलाचे प्रेत गावात येते. रक्त सांडलेले आपण पाहिले, अशी अनेकांची पक्की समजूत असते. प्रत्यक्षात पाहिलेला असतो तो मुंगळा. या चित्रपटाला त्या वर्षी फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला आणि तो संकलनासाठी, एम. एस. शिंदे यांना, ही गोष्ट मराठी माणसाने तरी अधिक वेळा सांगायला हवी.

द्वारका दिवेचा यांच्या छायाचित्रणाविषयी एकच नमूद करते. वरच्या पडवीत दिव्यांपाशी वावरणारी राधा आणि खाली तोंडाचा बाजा वाजवत बसलेला जय ही दृश्ये पडद्यावर जेमतेम काही क्षणांची आहेत, पण संध्याकाळचा तो नेमका उजेड रोज थोडाच वेळ मिळत असल्याने त्यांच्या चित्रीकरणाला २० दिवस लागले, असे सांगतात. घरातल्या टीव्हीवर त्या आकाशाचा रंग पोहोचेलच असे नाही. शिवाय चित्रीकरण ३५ मिलिमीटरवर होऊन पुढे ७० मिलिमीटरच्या रुंद पडद्यासाठी प्रती मोठ्या केल्या गेल्या होत्या आणि जुन्या चौकोनी टीव्हीवर दोन्ही कडा कापल्या जात. रामलालसारखी माणसे नेमकी त्या कडांवरच उभी असतात.

चुका शोधण्याचा एक वेगळाच पंथ आहे, त्याचा मला कंटाळा येतो. शेवटच्या मारामारीत सदऱ्याखाली ठाकूरचे हात दिसतात, वीज नसलेल्या गावात पाण्याची एवढी मोठी टाकी कशी, इत्यादी. चूक शोधायला चित्रपट आवडावा लागत नाही, रिमोट असला तरी पुरतो. अपवाद एकाच गोष्टीचा करते, कारण ती आमच्या भागाची आहे. गब्बर हे नाव भिंडकडच्या एका खऱ्या डाकूचे, तो लोकांची नाक-कान कापत असे. अमजद खान यांनी भूमिकेची तयारी करताना वाचलेले पुस्तक चंबळच्या डाकूंवरचे, आणि ते लिहिणारे तरुणकुमार भादुरी हे राधेची भूमिका करणाऱ्या जया भादुरींचे वडील. मात्र पडद्यावरचे खडक कर्नाटकातल्या रामनगरचे आहेत. ग्वाल्हेरच्या पुढे ज्याने आगगाडीतून चंबळ पाहिली आहे त्याला माहीत असते, की तिथे मातीच्या घळी आहेत, ज्यांत माणूस खाली उतरून दिसेनासा होतो. ‘शोले’तला डाकू मात्र उंच शिळेवर चढून सर्वांना दिसेल असा बसतो. मला ही चूक वाटत नाही. घळीत दडलेला गब्बर भिंडच्या डाकूसारखा दिसला असता. शिळेवरचा गब्बर राजासारखा दिसतो आणि त्याला दरबारही भरवता येतो.

इंदूरकरांना या चित्रपटावर आपला हक्क सांगायला फार आवडते, कारण सलीम खान यांचा जन्म इथला. जय आणि वीरू ही नावे त्यांच्या कॉलेजातल्या मित्रांची, असेही सांगितले जाते. जावेद अख्तर भोपाळच्या सैफिया कॉलेजात शिकले, त्यामुळे चित्रपटातला तो बढाईखोर सूरमा भोपाली भोपाळच्या वाट्याला गेला, आणि त्याबद्दल आम्ही काही म्हणू शकत नाही.

२०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात ‘शोले’ची पुनरुज्जीवित प्रत दाखवली गेली, आणि तिच्यात मूळ शेवट परत आला आहे. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने तो बदलायला लावला होता, म्हणून आपल्याला ठाऊक असलेल्या शेवटात ऐन वेळी पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात. मूळ शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या जोड्यांनी गब्बरला तुडवतो आणि मारतो. भाचीला पोलिसांचा शेवट बरा वाटला; ठाकूर स्वतः पोलीस होता, त्याने कायदा पाळलाच पाहिजे, असे तिचे म्हणणे. मी मूळ शेवटाच्या बाजूची आहे, आणि तेही सूडाची हौस म्हणून नव्हे. गब्बरने हात नेले, त्यानंतर ठाकूरने जे केले ते सारे इतरांच्या हातांनी: रामलालच्या, जयच्या, वीरूच्या. एक काम तरी त्याने स्वतःच्या अंगाने पुरे करावे, याची तयारी पटकथेने पहिल्या दृश्यापासून केली होती. ऐन त्या वेळी पोलिसांनी येणे म्हणजे आणखी कोणाचे तरी हात मध्ये घालणे झाले. भाचीला हे पटलेले नाही. मे महिन्यात ती येईल तेव्हा दोन्ही शेवट लागोपाठ पाहायचे ठरले आहे.