मॉरिशसमध्ये रेडिओ शोधत एक रविवार

कामानिमित्त मॉरिशसला राहायला आले तेव्हा घर, गॅस, फोनचं कार्ड सगळं चार दिवसांत मार्गी लागलं. रेडिओ लागायला मात्र तीन आठवडे गेले. दोष गाडीचा होता.

इथल्या रस्त्यांवर जपानहून आलेल्या जुन्या गाड्या भरपूर. मीही तशीच एक घेतली. विकणाऱ्याने एसी दाखवला, टायर दाखवले, रेडिओही लावून दाखवला. 88.6 वर रेडिओ प्लस खणखणीत वाजत होता. घरी आल्यावर पुढची केंद्रं शोधायला लागले, तर आकडा 90 वर पोचला की टुणकन उडी मारून परत 76 वर. जपानचा एफएमचा पट्टा बरीच वर्षं 76 ते 90 मेगाहर्ट्‌झ एवढाच होता, आणि माझ्या गाडीचा जन्म त्या काळातला. त्यामुळे 105.7 वरचा टॉप एफएम तिच्या लेखी अस्तित्वातच नव्हता.

यावर इलाज आहे. बँड एक्सपांडर नावाची काडेपेटीएवढी डबी मिळते, ती एरियलची वायर आणि रेडिओ यांच्या मधे बसवतात. येणारी प्रत्येक लहर ती ठरावीक आकड्याने खाली आणते. माझी डबी 20 ची, त्यामुळे 105.7 माझ्याकडे 85.7 वर लागतं. पण हिशेब करून मगच घ्या: 20 वजा केले की 90 ते 96 मधली केंद्रं 70 ते 76 वर जातात, म्हणजे पुन्हा पट्ट्याबाहेर. मी हा हिशेब पैसे देऊन झाल्यावर केला. गाडी अजून घ्यायची असेल, तर चाचणीच्या वेळी 100 च्या पुढचं एखादं केंद्र लावायला सांगा. माझ्यासारखं 88.6 वर भाळू नका.

गाडी मार्गी लागल्यावर एका रविवारी आम्ही दक्षिणेकडून बेटाला वळसा घातला, कुठे काय ऐकू येतं ते बघायला. नवऱ्याचं म्हणणं, "अगं, फोनवर सगळं लागतं, कशाला ही यातायात?" बरोबर आहे त्याचं, बरीच केंद्रं इंटरनेटवर आहेत. तरी मी पिशवीत सेलवरचा छोटा ट्रान्झिस्टर टाकलाच.

कातर बोर्नहून निघून आधी चढलो क्युरपीपला. त्रू ओ सेर्फ या निद्रिस्त ज्वालामुखीच्या काठावर उभं राहून ट्रान्झिस्टर फिरवला, तर केंद्रांना केंद्रं चिकटलेली. पठाराची उंची इथे साडेपाचशे मीटरच्या आसपास, एमबीसी या सरकारी प्रसारण संस्थेचं माल्हेर्बचं प्रक्षेपण केंद्रही याच गावात. खाली माहेबूरला उतरलो आणि वर स्वच्छ लागलेलं केंद्र खरखरायला लागलं. बिघाड नव्हता. बेट उभं जेमतेम 65 किलोमीटर, पण मधे डोंगरांची अशी दाटी, की बहुतेक केंद्रं उत्तर, दक्षिण आणि मधला भाग यांसाठी वेगवेगळे आकडे वापरतात. नाव तेच, आकडा दुसरा. माझ्याकडे आता एक चिठ्ठी आहे, गाडीच्या काचेला चिकटवलेली: डावीकडे केंद्राचं नाव, पुढे तीन आकडे. नव्या माणसाने पहिल्या आठवड्यात करायचं काम हेच. सुइयाकच्या पुढे, समुद्र आणि कडा यांच्या मधून रस्ता जातो तिथे, माकोंदेच्या वळणावर काहीच लागत नाही. तिथे समुद्र ऐकावा.

आता ऐकायचं काय? खाजगी रेडिओ इथे 2002 पासून आले: रेडिओ वन, रेडिओ प्लस, टॉप एफएम. बातम्या आणि जाहिराती मुख्यतः फ्रेंचमध्ये, लोकांचे फोन क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या इथल्या बोलीत. कचेरीत सगळीकडे दिसणारी इंग्रजी रेडिओवर फारशी ऐकू येत नाही, हा मला पहिला धक्का. पण क्रिओल शिकायला या फोनांसारखी शाळा नाही. रेडिओ प्लसवर 'एक्स्प्लिक ऊ का' नावाचा कार्यक्रम असतो. अर्थ साधारण 'तुमचं गाऱ्हाणं सांगा'. लोक फोन करतात, नळाला पाणी नाही, रस्त्यावर दिवा नाही. मी शिकलेले पहिले दोन शब्द 'पेना देलो', म्हणजे पाणी नाही. दुसरं वाक्य 'पेना कुराँ', वीज नाही. आपल्याकडच्या माणसाला यात परकं काय वाटणार!

हिंदी गाण्यांसाठी एमबीसीचा ताल एफएम. स्वयंपाक करताना तोच. एमबीसीच्याच दुसऱ्या वाहिनीवर भोजपुरी, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि मराठी यांना वेळ वाटून दिलेली असते. वेळा बदलतात, म्हणून शेजाऱ्यांना विचारून घ्या. विविध भारतीची सवय सुटत नसेल, तर आकाशवाणीचं अ‍ॅप आहेच. घड्याळ इथे दीड तास मागे, त्यामुळे रात्री दहाचं छायागीत साडेआठलाच लागतं आणि ऐकून वेळेवर झोपता येतं.

परतीच्या वाटेवर कास्काव्हेलला थांबलो. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून आलेल्या मराठी माणसांची पश्चिमेकडे जी वस्ती आहे, तिच्यातलं हे गाव. दुकानात पाण्याची बाटली घेताना आम्ही दोघं आपसात बोलत होतो. बाकावरचे एक आजोबा टक लावून बघत होते. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तुम्ही मराठी?" मी म्हटलं, "हो आजोबा, पुण्याची." पाच मिनिटं मी बोलत होते, ते मान डोलवत होते. शेवटी त्यांच्या नातीकडे वळून क्रिओलमध्ये काहीतरी बोलले आणि दोघंही हसले. नातीने आम्हाला सांगितलं, "आजा म्हणतात, ही बाई रेडिओसारखी बोलते."

त्यांच्या घरात रोजची भाषा क्रिओल. शुद्ध, न अडखळणारं मराठी ऐकायचं ते देवळात आणि रेडिओवर. पुण्यात कुणी मला रेडिओसारखी म्हटलं असतं तर मी ती तक्रार समजले असते.

आमची घरमालकीण आजी गाणी ऐकत नाही. ती ऐकते मृत्यूच्या सूचना. आजी पिठाचा हात वर उचलून 'एकूत!' म्हणजे 'ऐक' म्हणते आणि सगळं घर गप्प होतं. कोण गेलं, कुठल्या गावचं, अंत्ययात्रा किती वाजता. सुरुवातीला मला हे अभद्र वाटायचं. मग कचेरीतल्या एका सहकाऱ्याचे वडील गेल्याचं मला तिच्याकडूनच कळलं आणि मी वेळेवर पोचले.

राहता राहिली चक्रीवादळं. हंगाम नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत. इशाऱ्यांचे चार वर्ग असतात, रेडिओवर 'क्लास त्र्वा' ऐकलं की तिसरा, म्हणजे सगळं आवरून घरात बसायचं. चौथा वर्ग ताशी 120 किलोमीटरचे झोत प्रत्यक्ष नोंदले गेले आणि ते चालूच राहतील असं दिसलं की लावतात. झोताला शब्द 'राफाल'. जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. अशा वेळी वीज जाते, टॉवर पडतात, फोनचं चार्जिंग संपतं. त्या रात्रीपुरता तरी सेलवरचा रेडिओ लागतोच, हे नवराही आता मान्य करतो. सेल ऑक्टोबरमध्येच घेऊन ठेवा, इशारा लागल्यावर दुकानात गेलात तर फडताळ रिकामं असतं. आणि आकार बघून घ्या. मी पहिल्यांदा जाडे आणले होते, ट्रान्झिस्टरला पेन्सिल सेल लागतात.