भुसावळहून जबलपूरला जाऊन मिलिटरी डिस्पोजलची जिप्सी आणली, कुणाला आणायची असेल तर वाचा

गावात जो तो विचारतोय म्हणून आधीच सांगतो, मिलिटरीची गाडी म्हणजे छावणीच्या गेटवर गेलो, पैसे मोजले अन् चावी घेऊन आलो असं काही नसतं भो. फौजेतून काढलेल्या गाड्यांचा लिलाव होतो, एमएसटीसी नावाची सरकारी कंपनी आहे तिच्या वेबसाईटवर, ऑनलाईन. आधी डिपॉझिट भरायचं, गाडी 'जशी आहे जिथे आहे' या अटीवर उचलायची, अन् बऱ्याचदा गाड्या लॉटने निघतात. आपल्याला एकच पाहिजे असते, त्यामुळे बहुतेक जण लॉट उचललेल्या व्यापाऱ्याकडूनच घेतात. मी पण तसंच केलं.

जिप्सीच का, तर शेत यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, केळी. पावसाळ्यात शिवारातला रस्ता काळ्या मातीचा, चाकाला चिखल असा धरतो की मोटरसायकल तर सोडाच, बोलेरोसुद्धा बांधावर ठेवून पायी जावं लागतं. नवीन थारचे पैसे नाहीत अन् असते तरी ती मी चिखलात घातली नसती. सिव्हिल जिप्सी कंपनीने २०१९ मध्ये बंद केली, तेव्हापासून चांगल्या ठेवलेल्या गाडीचे लोक वाट्टेल ते भाव सांगतात. मग राहते डिस्पोजलची.

जबलपूर यासाठी की तिथे फौजेचा पसारा मोठा. व्हेईकल फॅक्टरी तिथे, ऑर्डनन्स डेपो तिथे, आर्मीचं बेस वर्कशॉप तिथे, मग जुन्या फौजी गाड्यांचा अन् पार्टचा धंदा करणारे पण तिथे. अन् आपल्याला भुसावळहून सरळ गाडी, संध्याकाळी-रात्री बसलं की खंडवा, इटारसी करत सकाळपर्यंत जबलपूर. सोबत दाजी होते. दाजी ईएमईतून, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातून, हवालदार म्हणून रिटायर झालेत, म्हणजे ह्याच गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची नोकरी गेली. असा माणूस सोबत असेल तर न्याच, नसेल तर ओळखीच्या मिस्तरीला तिकीट काढून, रोजंदारी देऊन न्या, तो खर्च वसूल होतो.

व्यापाऱ्याच्या आवारात पाच-सहा जिप्स्या, एक जोंगा, म्हणजे फौजेची जुनी मोठी जीप, अन् शक्तिमान ट्रकचे सांगाडे. जोंगा बघून मी विरघळलो होतो, खरं सांगतो. जबलपूरच्याच फॅक्टरीत बनायची, मूळ निस्सानची, जवळजवळ चार लिटरचं सहा सिलेंडर पेट्रोल इंजिन. दाजींनी एकच विचारलं, "पेट्रोल पंप आहे का आपला?" विषय संपला. हौसेला, लग्नात मिरवायला ठीक आहे, पण शेतावर रोज जायला जोंगा घेऊ नका, पार्टसाठीही लई फिरावं लागतं. जिप्सीचं तसं नाही, १३०० सीसीचं इंजिन मारुतीचं, त्याचं काम येणारा माणूस तालुक्याच्या गावालाही भेटतो.

आता मुद्द्याचं. दाजींनी गाडी बघायच्या आधी कागद मागितले. व्यापारी म्हणाला, भाईसाब पहले गाडी तो देखिए. दाजी म्हणाले, गाडी कहीं भाग थोडी रही है. अन् हेच बरोबर आहे, कारण इंजिन बिघडलेलं असलं तर चाळीस-पन्नास हजारात उभं राहतं, कागद बिघडलेला असला तर ती गाडी आयुष्यभर शेताच्या बाहेर निघत नाही. फौजेच्या गाड्यांची नोंद आरटीओकडे नसते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली ती फौजच ठेवते, म्हणून तर त्यांच्या नंबर प्लेटवर वर टोक केलेला बाण असतो. गाडी फौजेच्या कामातून निघाली की तिची आरटीओत नव्याने नोंदणी करावी लागते, अन् त्यासाठी फौजेच्या संबंधित अधिकाऱ्याचं मूळ विक्रीपत्र लागतं. झेरॉक्स नाही, मूळ. त्या कागदावरचा चेसिस नंबर अन् इंजिन नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत.

आवारात तीन प्रकारचा माल होता. एक, नोंदणी झालेला, एमपी २० चं, म्हणजे जबलपूरचं, आरसी असलेला. दुसरा, विक्रीपत्र आहे पण पासिंग, म्हणजे आरटीओची नोंदणी, बाकी, "करवा देंगे" वाला. तिसरा सगळ्यात स्वस्त, त्याला कागदच नाही, भंगार म्हणून निघालेला. ह्या तिसऱ्याच्या नादी लागू नका. असल्या गाडीवर दुसऱ्या मेलेल्या जिप्सीचं आरसी बसवून देतो म्हणणारे पण भेटतात, म्हणजे चेसिस नंबर घासून नवीन ठोकायचा. तो सरळ सरळ गुन्हा आहे अन् पकडले गेलात तर पोलीस आधी तुमच्याच दारात येणार, कारण गाडी तुमच्या दारात उभी असणार. नंबर ठोकलाय तिथला रंग खरवडून बघायचा, आजूबाजूला घासल्याच्या खुणा, वेल्डिंग, एखादा आकडा वरखाली असं काही दिसलं की निघायचं. कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या, आरटीओत पण तशीच घेतात. मोबाईलवर एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकला की नोंदणीची तारीख, फिटनेस कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, सगळं दिसतं. आरसीवर गाडी बनल्याचं साल वेगळं अन् नोंदणीचं वेगळं असतं हे डिस्पोजलच्या गाडीत हमखास, त्यात घाबरायचं काही नाही, फक्त भाव करताना बनल्याचं साल धरायचं, व्यापारी नोंदणीचं धरतो.

अजून एक. सगळ्याच हिरव्या जिप्स्या फौजेच्या नसतात. सिव्हिलचीच गाडी रंगवून, ताडपत्रीचं हूड टाकून, मागे जेरी कॅन लटकवून "मिलिटरी माल" म्हणून विकतात. दाजी खाली झोपले अन् मागच्या डिफरन्शियलवर, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्यावर, टॉर्च मारला. बऱ्याच फौजी गाड्यांच्या मागच्या डिफरन्शियलला पांढरा रंग दिलेला असतो अन् वर बारीक दिवा असतो, रात्री काफिल्यात बाकी लाईट बंद करून चालताना मागच्या ड्रायव्हरला तेवढंच दिसावं म्हणून. चिखलाच्या थराखाली तो पांढरा रंग निघाला. हा काही कोर्टात चालणारा पुरावा नाही पण बघायला काय जातं.

फौजेची गाडी म्हणजे मेंटेनन्स टकाटक, असं आपल्याकडे सगळे समजतात. दाजींचं म्हणणं, चालू होती तोवर खरंच असते, तेल-पाणी वेळेवर, ड्रायव्हर रोज धुणार-पुसणार, कार डायरीत किलोमीटर लिहिणार. पण एकदा काढायची ठरली की ती मैदानात उभी राहते, ऊन-पावसात, महिनोन् महिने, कधी वर्षभर. मग जे रबराचं आहे ते सगळं जातं, ऑइल सील कडक, होज पाईप तडकलेले, ब्रेकचे व्हील सिलेंडर जाम, पेट्रोल टाकीत गंज. अन् उभ्या गाडीतून बॅटरी, जॅक, टूल, कधी ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तोसुद्धा गायब असतो. नंतरच्या जिप्सीचं इंजिन एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरवर पेट्रोल सोडणारं आहे, ईसीएम नसला की तो शोधण्यात जीव जातो, म्हणून स्टार्ट न होणारी गाडी "बस बॅटरी का प्रॉब्लेम है" म्हणाले तर बॅटरी मागवून लावायला सांगा अन् तोवर तिथेच बसा, चहा प्या.

मीटरवरच्या किलोमीटरला काडीचीही किंमत देऊ नका.

तपासणी कशी केली ते सांगतो, इथे कंटाळा करू नका. चेसिस आधी. छोटी हातोडी घेऊन दाजींनी पूर्ण चेसिस ठोकत नेली, मागच्या पाट्याचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे बसतात तिथे जास्त, टणटण आवाज आला तर लोखंड शाबूत, बद्द आवाज आला तर आतून गेलेलं. बॉडीच्या पत्र्याला चुंबक लावून फिरवलं, पुटिंग जाड असेल तिथे चुंबक धरत नाही. पायाखालचं रबर मॅट उचला, विंडशील्डची चौकट खालून बघा, दोन्हीकडे पाणी साचून सडतं. पत्रा सडका असला तर एकवेळ चालेल, चेसिस नको.

मग पुढचा ॲक्सल. जिप्सीला पुढे-मागे सलग ॲक्सल अन् पाटे, पुढच्या चाकाच्या आत गोल बॉल असतो, त्याचं सील गेलं की ग्रीस अन् ऑइल एक होऊन चाकाच्या आतून काळं ओघळतं. दहातल्या सात गाड्यांना हे असतंच, त्यावर भाव पाडायचा, गाडी सोडायची नाही. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवायचं, खेळ असला तर किंगपिनचे, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळीचे, बेअरिंग, अन् तेच गेले असले तर साठच्या स्पीडला स्टेअरिंग असं थडथडतं की हात सुन्न होतात. ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा, गिअरबॉक्सपासून वेगळा असतो अन् तीन रबरी माउंटवर लटकतो, क्लच सोडताना खालून धडकन आवाज आला तर ते माउंट किंवा जोडाचे क्रॉस. फोर बाय फोर डांबरावर लावून बघू नका, वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात अन् ताण गिअरवर येतो. मैदानात, मातीत लावायचा, पुढे फ्री व्हील हब (चाक ॲक्सलला जोडायचे-सोडायचे खटके) असतील तर आधी ते हाताने लॉक करायचे, मग फोर हाय, म्हणजे चारही चाकं नेहमीच्या स्पीडला, मग पूर्ण थांबून फोर लो, म्हणजे हळू पण जास्त ताकद. लो मध्ये पहिला टाकून ॲक्सिलेटर न देता गाडी मुंगीच्या चालीने चढ चढली पाहिजे. आमची चढली, तेव्हाच मी मनात घेऊन टाकली होती, चेहऱ्यावर मात्र दाजी दाखवू देत नव्हते.

भाव किती झाला ते लिहीत नाही, ज्याच्या त्याच्या घासाघिशीवर आहे. पैसे एकदम देऊ नका एवढं सांगतो. टोकन दिलं, बाकी एनओसी हातात आल्यावर. दुसऱ्या राज्यातली गाडी म्हणून तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते, ट्रान्सफरचे २९ अन् ३०, विकणाऱ्याच्या सह्या सगळ्यावर तिथेच, तुमच्या समोर. अन् आरसीवर नाव कुणाचं आहे ते बघा, व्यापाऱ्याचं क्वचितच असतं, ज्याचं आहे त्याची सही अन् ओळखपत्र पाहिजे. एनओसी यायला वेळ लागतो, तोवर आम्ही घरी आलो अन् नंतर परत गेलो. आधीच गाडी घेऊन निघा, कागद पोस्टाने पाठवतो, असं ऐकवतात, ऐकू नका. इन्शुरन्स पण आपल्या नावाने करूनच चाक हलवलं.

निघण्याआधी तिथेच इंजिन, गिअर, ट्रान्सफर अन् दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल बदललं, टायमिंग बेल्ट, पेट्रोलचे पाईप, ब्रेकचं सगळं रबर नवीन. टायर दिसायला भरलेले होते पण बाजूने चिरा, फौजी गाडीच्या टायरची नक्षी बघू नका, बनल्याचा आठवडा अन् साल बघा.

रस्ता नरसिंहपूर, पिपरिया, इटारसी, हरदा, खंडवा, बऱ्हाणपूर असा. एका दमात आणू नका. आम्ही साठच्या वर नेलीच नाही, दर तासाला थांबून चारही चाकांच्या हबला हात लावून बघायचो, एखादं जास्त तापलं तर ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग. इटारसीच्या पुढे मागचं डावं तापलं, दाजींनी रस्त्याच्या कडेलाच ड्रम उघडून ब्रेक ढिला केला. मुक्काम हरद्याला. डिसेंबर होता अन् वर कापडी हूड, पहाटे निघालो तर वारं कानात शिरून डोकं बधीर, कानटोपी अन् ब्लँकेट न्याच. असीरगडच्या घाटात गाडी तिसऱ्यात मस्त ओढत होती. बऱ्हाणपूरला मावा जिलेबी खाल्ली, घरी दराबा बांधून घेतला, अन् मग रावेर, सावदा, फैजपूर म्हणजे घरच. सावद्याच्या टपरीवर एक म्हातारबाबा गाडीकडे बघून म्हणाले, "काय भो, लढाईले चालना का?"

आल्यावरचं काम. ऑलिव्ह ग्रीन रंग खाजगी गाडीला चालत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ मध्ये स्पष्ट लिहिलंय की तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. लोक तसेच फिरतात, मला माहितीये, पण आम्ही पांढरा मारला अन् आरसीवर रंग बदलून घेतला. बाण, स्टार, युनिटच्या खुणा सगळं खरवडलं. पुढचा लोखंडी बुलगार्ड पण काढला, २०१७ पासून त्याला बंदी आहे. जळगावच्या आरटीओत गाडी दाखवायला न्यावी लागते, महाराष्ट्राचा टॅक्स भरावा लागतो अन् गाडी पंधरा वर्षांच्या वरची असेल तर पर्यावरण कर वेगळा, हे सगळं गाडीच्या किमतीत आधीच धरा नाहीतर स्वस्तात मस्त म्हणता म्हणता बजेट फाटतं. ट्रान्सफरचा अर्ज तीस दिवसांच्या आत टाकायचा असतो.

चालवायला कशी, तर कडक. पाटे असे की पाठीला प्रत्येक खड्डा कळतो, मागच्या समोरासमोरच्या बाकावर आई एकदा बसली अन् म्हणाली मी ट्रॅक्टरवर येईन. एसी नाही, मे महिन्यात भुसावळ-जळगाव ४५ च्या वर जातं तेव्हा दुपारी काढायचीच नाही, अन् उन्हाळ्याआधी रेडिएटर उघडून साफ करून घ्या, वर्षानुवर्षांचा गाळ निघतो. ॲव्हरेज मला हायवेला अकरा-बाराच्या आसपास, शेतात लो गिअरमध्ये विचारू नका. टाकी ४० लिटरची. सुकी नावाच्या नदीच्या कोरड्या वाळूत टायरची हवा कमी करून फोर लो लावला तर कुठेच अडकली नाही. सातपुड्यातल्या पाल गावाकडे गेलात तर यावल अभयारण्याच्या आतल्या रस्त्यावर फॉरेस्टच्या परवानगीशिवाय घालू नका, गाडी जाते म्हणून जायचं असं नसतं. तोरणमाळ अजून बाकी आहे, आधी पुढचे शॉकअब बदलतोय.